सात निळ्या रेघा

त्या शनिवारी निघताना रत्नावहिनीने वर्क परमिटचं कार्ड पर्समध्ये टाकलं, मग काढलं, रुमालात गुंडाळलं आणि पुन्हा टाकलं.

“हे कशाला?” मी विचारलं. “बागा बघायला चाललोय आपण.”

“असू दे. कोणी विचारलं तर दाखवता येईल.”

“कॅक्टसच्या बागेत कोण विचारणार आहे?”

“बागेत नाही गं, आश्लेषा. भिंतीपाशी.”

बाहेर श्रीरामदादा गाडी सुरू करून बसला होता आणि मागच्या सीटवर रुही, त्यांची नऊ वर्षांची मुलगी, कानात इयरफोन घालून. श्रीरामदादा माझा मावसभाऊ. मी अॅरिझोनात टेंपीला शिकत होते आणि शनिवार-रविवारी वहिनीच्या हातचं जेवायला त्यांच्याकडे चँडलरला जायचे. त्यामुळे भिंतीची गोष्ट मला तोंडपाठ होती.

वहिनी वरोऱ्याची. लग्नाआधी चार वर्षं ती भद्रावतीला मातीकाम शिकली, मग तिथेच शिकवू लागली. २००१ साली दादाबरोबर अमेरिकेत आली ती डिपेंडंट व्हिसावर. आधी अर्विंग, मग सनीव्हेल, मग अॅरिझोना. त्या व्हिसावर काम करता येत नाही आणि पगारासाठी लागणारा सोशल सिक्युरिटी नंबर मिळत नाही. “मी इथे तुझ्या दादाच्या बॅगेसारखी आहे,” ती म्हणायची. “फिरते सगळीकडे. टॅग त्यांचा.”

आमच्यापासून तासाभरावर मेस्कीट वेल्स नावाचं जुनं गाव आहे, वाळवंटाच्या मधोमध. २००५ मध्ये तिथल्या नगरपालिकेला लायब्ररीच्या बाहेरच्या भिंतीवर भाजलेल्या टाइल्सचं एक मोठं चित्र हवं होतं. ही बातमी आणली दीपाताई लिमयांनी. त्या पुण्याच्या, पण पंधरा वर्षं त्याच गावात राहणाऱ्या. अमेरिकन नागरिक, मराठी शाळा चालवणाऱ्या, मंडळाच्या प्रत्येक फोटोत मधोमध. वहिनीने चित्र काढून दिलं. गावाला आवडलं. मग फॉर्म आला. फॉर्मवर कलाकाराचं नाव, आणि खाली सोशल सिक्युरिटी नंबरसाठी नऊ चौकोन.

दादाने तो फॉर्म दोन दिवस जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि तिसऱ्या दिवशी तोडगा काढला. आमच्या आईच्या घरचा पहिला गॅस मामाच्या नावावर होता. दादाची पहिली स्कूटर मित्राच्या नावावर. आजोळचा फोन शेजारच्या डॉक्टरांच्या नावावर. नाव कोणाचं का असेना, पोळ्या आपल्याच तव्यावर होतात, यावर आमच्या सगळ्यांचा विश्वास.

“दीपाताईंच्या नावावर करू,” दादा म्हणाला. “आपल्याला माहितीये ना कोणी केलं.”

वहिनी सहा महिने दीपाताईंच्या गॅरेजमध्ये माती मळत होती. दीपाताई चहा आणायच्या आणि मीटिंगला जायच्या. मानधन आलं ते त्यांनी मराठी शाळेला देऊन टाकलं, हे खरं आहे. भिंत उभी राहिली, शेजारी पितळी पाटी लागली आणि पाटीवर दीपा लिमये. उद्घाटनाला वहिनी शेवटच्या रांगेत उभी होती, रुहीचा हात धरून. त्यानंतर ती कधी तिकडे फिरकली नाही. इकडे दीपाताईंचा फोटो तिथल्या पेपरात आला, उन्हाळ्यात मुलांना शिकवायचं बोलावणं आलं, आणि आता कम्युनिटी हॉलवरच्या दुसऱ्या चित्रभिंतीचं काम त्यांनाच मिळेल असं बोललं जात होतं.

मग २००७ च्या जुलैमध्ये ग्रीन कार्डच्या अर्जांची दारं अचानक उघडली. दादाचं सगळं ऑफिस मेडिकल करायला आणि फोटो काढायला धावलं. नोव्हेंबरमध्ये वहिनीचं वर्क परमिट आलं. तिने पहिला फोन दीपाताईंना केला.

“दीपाताई, आता सांगू या?”

“हो गं, सांगू या की.”

नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला, संक्रांतीचा तिळगूळ झाला. मार्चमध्ये मंडळाने मेस्कीट वेल्सची सहल काढली. सकाळी बाग, मग इतिहास, दुपारी गावातली शिल्पं आणि चित्रं. गाइड अर्थात दीपाताई. शेवटचा थांबा भिंत. तिथे तीन वाजता नगरपालिकेचा हेक्टर येणार होता, गावातली सगळी कलाकामं सांभाळणारा माणूस. आणि दीपाताईंनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं, “तिथे सांगते. सगळ्यांसमोर, हेक्टरसमोर. झालं?”

म्हणून ते कार्ड.

बागेच्या दाराशी आम्ही चौदा जण जमलो. दीपाताईंच्या डोक्यावर रुंद काठाची हॅट होती आणि आवाज माईकशिवाय शेवटच्या माणसापर्यंत पोचणारा.

“हा सग्वारो. याला पहिला हात फुटायला साठ-सत्तर वर्षं लागतात.”

गुरुनाथकाका म्हणून कोणाचे तरी वडील नागपूरहून आले होते, सहा महिन्यांसाठी. पोस्टातून रिटायर झालेले. त्यांनी त्या उंच काटेरी खांबाकडे मान वर करून पाहिलं. “म्हणजे सत्तर वर्षं नुसतं उभं राहायचं, मग हात हलवायचा? सरकारी खात्यातला दिसतो.”

“व्हिसाच्या रांगेतला आहे काका तो,” वहिनी म्हणाली. सगळे हसले. दादा हसला नाही.

वहिनी त्या दिवशी बोलत होती. एरवी मंडळात ती भांडी विसळायला आधी जाते. त्या दिवशी तिने वाकून जमिनीतली माती बोटांत घेतली आणि मला दाखवली. “ही बघ, अशी दिसते भुसभुशीत. पण चार इंचाखाली चुन्याचा थर आहे. कुदळ मारली तर ठिणगी निघते. मी अख्खा आठवडा चाळली होती ही माती.”

“तुम्ही शेती केली का इथे?” गुरुनाथकाकांनी विचारलं.

वहिनीने दीपाताईंकडे पाहिलं. दीपाताई पुढे चालू लागल्या. “सांभाळून हं सगळे, ही चोया. हिला जंपिंग म्हणतात. नुसतं जवळून गेलात तरी काटे अंगावर येतात.”

पालो वेर्देच्या सावलीत पाणी प्यायला थांबलो तेव्हा वहिनीने त्यांना गाठलंच. मी बाजूला होते. मला हलायला कोणी सांगितलं नाही.

“दीपाताई, बोलणार ना?”

“किती वेळा विचारशील, रत्ना?”

“तीन वाजेपर्यंत विचारीन.”

“अगं, मी शब्द जुळवतेय. एकदम ‘हे माझं नाही’ म्हटलं तर कसं दिसेल?”

“खरं दिसेल.”

“तुला सोपं वाटतं. सही माझी आहे त्या कागदावर. मी लिहून दिलंय की कलाकार मी. म्हणजे काय झालं ते? हेक्टर म्हणेल, बाई, तुम्ही गावाला फसवलंत.”

“मग नोव्हेंबरात हो काहून म्हटलं?”

दीपाताईंनी हॅट काढली, वारा घेतला, पुन्हा घातली. “नाही म्हणतेय का मी? बोलते म्हटलंय ना. आणि ऐक, दुसऱ्या भिंतीवर आपण दोघींची नावं लावू. पहिलं तुझं.”

“मला दुसरी भिंत नको. पहिली पाहिजे.”

“हट्टी आहेस हं,” दीपाताई म्हणाल्या आणि तिच्या गालाला हात लावला, मोठी बहीण लावते तसा. वहिनीने तो लावू दिला.

जुन्या पंपहाउसमध्ये गावाचं छोटं म्युझियम आहे. आत गार होतं, ओल्या लोखंडाचा वास होता. भिंतीवर नकाशा. हजार वर्षांपूर्वी इथल्या मूळ लोकांनी लाकडी काठ्यांनी कालवे खणले होते, सात कालवे. मग ते लोक गेले, कालव्यांत वाळू भरली. दीडशे वर्षांपूर्वी गोऱ्या लोकांची एक कंपनी आली. तिने त्याच जुन्या चाऱ्या मोकळ्या केल्या, पाणी सोडलं, कापूस पिकवला आणि प्रत्येक कालव्याला आपल्या एकेका भागीदाराचं नाव दिलं. दीपाताईंनी ही सगळी नावं घडाघडा म्हणून दाखवली.

“आणि मूळच्या खणणाऱ्यांची नावं?” गुरुनाथकाकांनी विचारलं.

“ती कोणालाच माहीत नाहीत, काका. नोंदच नाही ना.”

“असं कसं? काहीतरी म्हणत असतील की ते त्याला.”

“नोंद नाही म्हटलं ना,” दीपाताई म्हणाल्या, जरा जास्तच जोरात. “चला, जेवून घेऊ या. दशम्या आणल्यात आश्लेषाच्या वहिनीने.”

बाकांवर डबे उघडले. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, थर्मासमधलं ताक. दादाने वहिनीला आमच्यापासून थोडं लांब, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला नेलं. पण वाळवंटात आवाज अडत नाही.

“आज नको हा विषय, रत्ना. प्लीज.”

“काहून?”

“ग्रीन कार्डचा अर्ज पेंडिंग आहे. उद्या कोणी काढलं की २००५ मध्ये ही बाई परमिट नसताना काम करत होती, तर? तुझं जाईलच, माझंही जाईल. रुहीची शाळा, घर, सगळं.”

“वकिलाला विचारलं मी.”

“मला न विचारता?”

“अर्जावर माझीही सही आहे. तो म्हणाला, मोबदला घेतला नाही ना, मग स्वयंसेवक म्हणून केलं असं सांगता येईल. कागद तयार ठेवा म्हणाला. ठेवलेत. चित्राची सगळी कच्ची ड्रॉइंग्ज, तारखांसकट.”

“वकील काहीही म्हणतो. त्याला डिपोर्ट करणार आहेत का?”

“एक सांगा,” वहिनी म्हणाली. “तेव्हा तुम्ही म्हणाला होता, आपल्याला माहितीये ना कोणी केलं. आपल्याला म्हणजे कोणाला? मला तर माहीतच होतं. तुम्ही त्यानंतर एकदाही म्हटलं नाही कोणाजवळ. तुमच्या आईजवळसुद्धा नाही. त्यांना वाटतं मी इथे टीव्ही बघते.”

दादाने ताकाचा पेला रिकामा केला. “मी घरासाठीच केलं ते.”

“हो. घराच्या नावावर.”

जेवणानंतर शिल्पं. रेल्वेच्या जुन्या रुळांचा केलेला रानडुक्कर, त्याच्या पाठीवर रुही चढली आणि फोटो काढून घेतला. बसस्टॉपची पत्र्याची पानं, जी वारा आला की वाजतात. पोस्टाच्या भिंतीवरची खाणकामगारांची रांग. तिथे गुरुनाथकाकांना गहिवरून आलं, पण ते टपालपेटीमुळे. प्रत्येक कामाशेजारी पाटी. वहिनी चित्र नंतर बघायची, आधी पाटी वाचायची. पुढे पुढे तर चित्र बघायचंच विसरली.

तीनला दहा कमी असताना आम्ही लायब्ररीच्या कोपऱ्यावरून वळलो.

मी भिंत पहिल्यांदाच पाहत होते. तीस फूट लांब, माणसाच्या दीडपट उंच. तांबड्या, भाजलेल्या मातीच्या रंगाचं सगळं वाळवंट, त्यात कापसाचे ठिपके, आगगाडी, विहिरीवर वाकलेल्या बायका. वहिनीने सांगितलं नसतं तरी कळलं असतं. त्या बायकांचे पदर वरोऱ्याचे होते.

“व्हेअर आर माय बर्ड्स?” म्हणत रुही पळाली आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात उकिडवी बसली. चार टाइल्सवर चार ठेंगणे पक्षी होते, डोक्यावर तुरा असलेले. सहा वर्षांची असताना गॅरेजमध्ये आईशेजारी बसून तिने ते केले होते. “बाबा, लुक. धिस वन हॅज थ्री लेग्ज.”

वहिनी मात्र जागच्या जागी थांबली होती. तिची नजर चित्रावर नव्हती, चित्रातून वरून खाली आलेल्या सात वाकड्यातिकड्या रेघांवर होती. बोटभर रुंदीच्या, सिमेंटने बुजवलेल्या, करड्या रेघा. त्यांच्या कडेच्या टाइल्स फुगून वर आल्या होत्या, गरम तव्यावर पापड वाकतो तशा. दोन जागी टाइल्स नव्हत्याच. तिथे लाल-पांढरी पट्टी चिकटवली होती.

“ते कालवे होते,” ती मला हळूच म्हणाली. “सात. निळे. रबरासारखा मसाला भरला होता मी त्यांच्यात, निळा रंग कालवून. इथे उन्हाळ्यात भिंत हात भाजेल इतकी तापते. टाइल फुगते. तिला सरकायला जागा पाहिजे. म्हणून मोकळे सांधे ठेवले आणि दिसायला वाईट नको म्हणून त्यांचेच कालवे केले.” तिने एका करड्या रेघेवर नख मारलं. नख घसरलं. “दीपाताई, हे कोणी भरलं?”

“अगं, ते होय. मागच्या वर्षी हेक्टरचा मेल होता, भेगा पडल्यात, निळं काहीतरी सुटतंय, काय करू. मी म्हटलं बुजवून टाका.”

“भेगा?”

“मला काय माहीत? मला वाटलं भेगाच असतील.”

“मला एक फोन करायचा.”

“तू त्या वेळी इंडियात होतीस.”

“इंडियात फोन लागतो, दीपाताई.”

तेवढ्यात हेक्टर आला. पन्नाशीचा, उन्हाने रापलेला, हातात फाइल. त्याने सगळ्यांशी हस्तांदोलन केलं. वहिनीशीही केलं आणि तिचं नाव विचारून नीट उच्चारायचा प्रयत्न केला. लोक अर्धवर्तुळात उभे राहिले. वहिनीने पर्सची चेन उघडली आणि आत हात घालून ठेवला. दादा रुहीजवळ उकिडवा होता, तो उठून उभा राहिला.

दीपाताईंनी हॅट काढून छातीशी धरली. इंग्रजीत बोलल्या, कारण हेक्टर होता.

“ही भिंत माझ्या आयुष्यातला फार मोठा अनुभव आहे,” त्या म्हणाल्या. “पण कुठलंही काम एकटीने होत नाही. आज मला एका व्यक्तीचं नाव मुद्दाम घ्यायचं आहे.”

वहिनीने श्वास घेतलेला मला दिसला.

“माझी मैत्रीण रत्ना. हिच्याशिवाय हे झालंच नसतं. माती चाळणं असो, टाइल्स उचलणं असो, हिने मला खूप मदत केली. थँक यू, रत्ना. प्लीज, एकदा टाळ्या हिच्यासाठी.”

चौदा माणसांच्या टाळ्या उघड्यावर फार वाजत नाहीत. गुरुनाथकाका सर्वांत जोरात वाजवत होते. “वा, वा, बेटा.” दादासुद्धा वाजवत होता. त्याच्या चेहऱ्यावर सुटका होती, ती त्याला लपवता आली नाही. वहिनीने पर्समधून हात बाहेर काढला. रिकामा. चेन लावली.

“छान,” हेक्टर म्हणाला. “आता थोडं कामाचं.” त्याने फाइल उघडली. टाइल्स सुटताहेत, तो म्हणाला. खालून मुलांची शाळेची वाट जाते. मागच्या महिन्यात एक टाइल पडली, सुदैवाने खाली कोणी नव्हतं. त्याला ही भिंत आवडते, त्याची आई रोज इथे येऊन बसते. पण कारण कळलं नाही आणि दुरुस्तीची पद्धत कलाकाराने लिहून दिली नाही, तर उन्हाळ्याआधी सगळं उतरवावं लागेल. “तर मिसेस लिमये, तुम्ही सांगा. हे कशाने होतंय? आणि मूळ सांध्यात तुम्ही काय भरलं होतं?”

दीपाताईंनी भिंतीकडे पाहिलं. परीक्षेत न आलेल्या प्रश्नाकडे बघतात तसं.

“हं. म्हणजे, बघा, ते एक मिश्रण होतं,” त्या इंग्रजीत म्हणाल्या. आणि मग मान न वळवता, त्याच हसऱ्या चेहऱ्याने, मराठीत, “रत्ना, काय गं होतं ते? सांग पटकन.”

हेक्टर पेन उघडून थांबला होता. त्याला वाटलं असावं, बाई आठवताहेत.

वहिनी म्हणाली, “मला काय माहीत, दीपाताई?”

“रत्ना.”

“मी माती चाळायला होते. टाइल्स उचलायला.”

“अगं, तो पुढच्या आठवड्यात रिपोर्ट देणार आहे. भिंत पडेल.”

“तुमची भिंत आहे.”

सगळ्या मराठी माणसांना ते ऐकू जात होतं आणि प्रत्येक जण दुसरीकडे बघत होता. फक्त गुरुनाथकाकांचे टाळी वाजवून जोडलेले हात तसेच राहिले होते.

तेवढ्यात रुही आली. तिने इयरफोन काढले होते. “मॉम, यू नो धिस. द ब्लू स्टफ. यू टोल्ड मी, द टाइल्स नीड टू ब्री…”

वहिनीने तिचा हात धरला. इतका घट्ट, की रुहीचं वाक्य तिथेच थांबलं. रुहीने आईकडे पाहिलं, मग हाताकडे. वहिनीने हात सोडला नाही.

“रत्ना, सांगून टाक ना,” दादा हलकेच म्हणाला. “भिंत तरी वाचेल.”

वहिनी त्याच्याकडे वळली. “नाव नको म्हणाला होता ना तुम्ही? मग बिननावाच्या माणसाला काय येतं?”

हेक्टरने एकेकाचा चेहरा वाचायचा प्रयत्न केला. मग पेन बंद केलं. “काही हरकत नाही. पंधरा दिवसांत मेल करा, मिसेस लिमये.”

“शुअर,” दीपाताई म्हणाल्या. “नक्की.”

मग कोणीतरी ग्रुप फोटो काढू या म्हणालं, कारण सहल असली की फोटो निघतोच. दीपाताई मधोमध. कॅमेरा वहिनीच्या हातात आला. तिने सगळ्यांना थोडं डावीकडे सरकायला सांगितलं, अजून थोडं, अजून थोडं, गुरुनाथकाकांच्या खांद्याआड पितळी पाटी पूर्ण जाईपर्यंत. मग बटण दाबलं.

त्यानंतरच्या पंधरा दिवसांत दीपाताईंचे फोन आले. आधी रागाचे, मग समजुतीचे. एकदा त्या रडल्या. “मी चुकले, मान्य. पण चूक माझी, शिक्षा भिंतीला का?” वहिनी फोन स्पीकरवर ठेवून कणीक मळत होती.

“आता हेक्टरला खरं सांगा,” ती म्हणाली. “सांगा, मला येत नाही, रत्नाला येतं. मी त्याच दिवशी येते. स्वतः करवतीने कापते ते सिमेंट. उन्हात उभी राहून सातही सांधे भरते. एक दिवसाचं काम आहे.”

पलीकडे नाक शिंकरल्याचा आवाज आला.

“दुसऱ्या भिंतीचा निर्णय मे महिन्यात आहे गं,” दीपाताई म्हणाल्या. “तो होऊ दे. मग सांगते.”

“मग उन्हाळा लागेल.”

“लागू दे ना. गेलेत दोन उन्हाळे.”

वहिनीने पिठाच्या बोटाने फोन बंद केला. त्या रात्री जेवताना दादा म्हणाला की हवं तर तो स्वतः हेक्टरला निनावी मेल करेल, फक्त रबरी मसाल्याचं सांगून. वहिनी हसली. मी तिला तशी हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. “तुम्हाला निनावीशिवाय काही येतच नाही का हो?” ती म्हणाली. दादाने मेल केला नाही. मीही केला नाही. करता आला असता. ‘सांधे मोकळे करा’ एवढंच लिहायचं होतं. मी स्वतःला सांगितलं की हा वहिनीचा प्रश्न आहे.

मेच्या शेवटी दुसऱ्या भिंतीचं काम दीपाताईंना मिळालं नाही. ट्यूसॉनच्या कोणा माणसाला मिळालं. आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पारा एकशे बारा फॅरनहाइटवर गेला तेव्हा, मेस्कीट वेल्सच्या माणसांनी पहिली भिंत उतरवली.

आम्ही गेलो ते जुलैमध्ये. वहिनीला तिथल्या एका शाळेत मातीकाम शिकवायच्या नोकरीसाठी मुलाखतीला बोलावलं होतं, कार्ड होतंच आता. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, इथे या भागात तुमचं एखादं काम बघायला मिळेल का? वहिनी म्हणाली, नाही. हे तिने मला गाडीत सांगितलं, सिग्नलला थांबली असताना, सिग्नलकडे बघत.

परत येताना तिने न विचारता गाडी लायब्ररीकडे वळवली. रुही मागे होती. “आय एम नॉट गेटिंग आउट,” ती म्हणाली. सहलीच्या त्या दिवसानंतर ती आईशी गरजेपुरतंच बोलायची.

वहिनी आणि मी उतरलो. भिंत सपाट होती, वाळूच्या रंगाने रंगवलेली. आगगाडी, कापूस, विहिरीवरच्या बायका, काहीच नाही. खालच्या डाव्या कोपऱ्यातही नाही. पाटी मात्र काढायची राहून गेली होती. उन्हात चकाकत होती. चित्राचं नाव, वर्ष, आणि दीपा लिमये.

पाटीसमोर एक म्हातारं गोरं जोडपं उभं होतं, गावाचं माहितीपत्रक उघडून. बाई एकदा पत्रकाकडे बघायच्या, एकदा कोऱ्या भिंतीकडे, मान तिरकी करून. त्यांनी वहिनीला विचारलं, ते टाइल्सचं चित्र म्हणतात ते कुठे आहे?

“हेच,” वहिनी इंग्रजीत म्हणाली. तिने पाटीवर बोट ठेवलं. “या कलाकाराने केलेलं सगळं जसंच्या तसं आहे.”

बाईंनी पुन्हा भिंतीकडे पाहिलं. “अच्छा,” त्या म्हणाल्या. “मॉडर्न आहे.” नवऱ्याने फोटो काढला.

वहिनी गाडीत येऊन बसली. सीटबेल्ट लावला. स्टिअरिंग इतकं तापलं होतं की तिने ओढणीचं टोक धरून ते पकडलं.

“व्हॉट डिड दे आस्क यू?” मागून रुहीने विचारलं. चार महिन्यांत स्वतःहून विचारलेला तिचा पहिला प्रश्न.

“चित्र कुठेय म्हणून.”

“अँड?”

वहिनीने आरशात तिच्याकडे पाहिलं. मग आरसा उगाच जरासा वर केला, रुही दिसणार नाही इतका, आणि गाडी मागे घेतली.